अळीचा वाटा

पणतीवर झेप घेणाऱ्या पतंगावर आपल्या कवींनी इतके लिहिले आहे की, त्या बिचाऱ्या किड्याला आता स्वतःचे असे मरणसुद्धा उरलेले नाही. तो जळतो तो प्रीतीसाठी, भक्तीसाठी, नाहीतर देशासाठी. मी आज ज्या पतंगाविषयी लिहायला बसलो आहे, त्याच्यावर मात्र कोणी कविता केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तोही दिवाळीच्या दिवसांतच दिव्याशी येतो. रात्री ओसरीवर वह्या तपासताना कधी कधी तो वहीच्या पानावर येऊन बसतो. अंगाने तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. पंख पसरले तर पाऊण इंचाच्या आत-बाहेर. वरचे पंख राखट तपकिरी, त्यांवर काळसर डाग. खालचे रुपेरी, आणि त्यांच्या कडेला बारीक झालर. फुंकर मारली की उडून जातो. चिमटीत धरला तर बोटाला नुसती राखेसारखी भुकटी लागते. एवढ्याशा जिवाने आमच्या भागातली कितीतरी लग्ने पुढे ढकलली आणि कितीतरी पोरांच्या शाळा सोडविल्या, हे परक्याला सांगून खरे वाटणार नाही.

आमचा भाग म्हणजे जळगाव जामोद. जळगाव म्हटले की लोकांना खानदेशचे आठवते. आमचे ते वऱ्हाडातले, बुलढाणा जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. इथे कापसाला 'पीक' म्हणत नाहीत, 'पराटी' म्हणतात, आणि घरच्या माणसाची प्रकृती विचारावी तशी पराटीची विचारतात. आमच्याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून त्याभोवती अठरा धान्ये वर्तुळाने ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य जागचे हलले ते पाहून वर्षाचे भाकीत सांगतात. त्या वर्तुळात सरकीही असते. भाकितावर कोणाचा विश्वास असो वा नसो, सरकीचे काय झाले हे ऐकायला मात्र सगळे कान टवकारतात.

तर हा पतंग म्हणजे शेंदरी बोंडअळीचा पतंग. अलीकडे तिला 'गुलाबी' म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला जुने नावच बरे वाटते, कारण गुलाबी म्हटले की लग्नपत्रिका डोळ्यांपुढे येते. अळी जन्मते तेव्हा पांढुरकी असते; पोसली म्हणजे अंगावर शेंदरी पट्टे उमटतात. मादी रात्री पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी बाहेर येताच बोंडात शिरते, आणि तिने पाडलेले छिद्र बोंड वाढताना आपोआप बुजून जाते! शत्रू आत आणि दार बंद. बाहेरून पाहावे तर बोंड टपोरे, हिरवेगार. आत ती रुई कातरीत सरकीपर्यंत जाते आणि सरकी खाते. हंगाम संपत आला की पुष्कळदा दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत झोपी जाते, ती कित्येक महिने जागी होत नाही.

या झोपेनेच तिला जगाचा प्रवास घडवला. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने केले, ते आपल्या भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून. १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानातून गेलेल्या सरकीबरोबर ती मिसर देशात पोहोचली असे मानतात. नाईलकाठचा तो लांब धाग्याचा कापूस पाच-सहा वर्षांत तिने जेरीस आणला. मिसरची सरकी १९११ साली मेक्सिकोत गेली, तिच्याबरोबर हीही गेली. आणि १९१७ साली ती अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात सापडली. आज आफ्रिकेत, आशियात, दक्षिण अमेरिकेत, जिथे जिथे कापूस आहे तिथे बहुतेक ती आहे. आमच्याकडे चावडीवर कोणी म्हणतो, ही कीड विलायतेहून आली. कोणी म्हणतो, बियाण्याच्या कंपनीनेच सोडली. खरे पाहता परदेशातल्या शेतकऱ्यांनी आपल्याकडे बोट दाखवावे असा हा मामला आहे.

पण अळीचे चरित्र लिहावे हा माझा हेतू नाही. शास्त्र माझे मॅट्रिकपर्यंतचेच. मला जो प्रश्न कित्येक वर्षे टोचतो आहे तो निराळा आहे, आणि तो एका पुडीने निर्माण केला.

मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक सूक्ष्म जंतू असतो. त्याचा विष तयार करणारा गुण कापसाच्या बियाण्यात उतरवून जे वाण झाले त्याला सगळे बीटी म्हणतात. भारतात त्याला २००२ साली परवानगी मिळाली. २००६ साली दोन विषे असलेले दुसरे वाण आले. अळीने बोंड कुरतडले की ती मरे. पहिली काही वर्षे खरोखरच सुखाची गेली, हे कबूल न करणे कृतघ्नपणाचे होईल. या बियाण्याच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅमची एक लहान पुडी मिळत असे. तिच्यात साधी, बिनविषाची सरकी. नियम असा की, शेताच्या कडेने या साध्या कपाशीच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या पाचवा हिस्सा, यांपैकी जे जास्त भरेल तेवढे लावावे. सरकारी भाषेत तिला 'आश्रय पीक' म्हणतात. कोणाला आश्रय? तर अळीला.

त्या वेळी आमची शेती मोठा भाऊ पाहत असे. आजही तोच पाहतो. मी शाळेत मास्तर, शिवाय दोन-चार कादंबऱ्या लिहिलेला, म्हणून घरात कागदावरचे जे असेल ते माझ्याकडे येई. २००९ सालच्या जून महिन्यात दादाने ती पुडी माझ्यापुढे टाकली.

"लहान्या, हे बारकी पुडी कायची हाय, पाह्य बरं."

मी पाकिटातले पत्रक वाचले. मराठीतच होते. वाचून मी सांगितले की ही साधी सरकी आहे, अळीसाठी लावायची.

"अयीसाठी?" दादा हसला. "अयीलेच चारायचं व्हतं, त मंग हे महागाचं बी कायले घेतलं रे?"

मीही हसलो. म्हणालो, "टाकून दे." दादाने ती पुडी कोंबड्यांपुढे उधळली असती, पण त्या सरकीला औषध लावलेले असते, म्हणून उकिरड्यात पुरली. त्याच आठवड्यात मी शाळेत मुलांकडून परोपकारावर निबंध लिहून घेतला होता.

आता ती पुडी कशासाठी होती ते सांगतो. हजारो-लाखोंत एखादा पतंग असा निपजतो की ज्याची संतती ते विष पचवू शकते. शेतात सगळीकडे विषारीच कपाशी असेल, तर बाकीचे सगळे मरतात आणि हे विष पचवणारे तेवढे उरतात. मग सोयरीक कोणाशी करणार? आपसांतच. त्यांची पोरे दोन्ही बाजूंनी तोच गुण घेऊन जन्मतात, आणि चार-सहा वर्षांत सारे कुळच विषाला पुरून उरते. पण शेजारी जर साध्या कपाशीच्या ओळी असतील, तर तिथे साध्या पतंगांचा मोठा गोतावळा जगतो. त्या एखाद्या अवलियाची सोयरीक या गोतावळ्यात होते, आणि अशा जोडप्याची पोरे बहुतेक साध्या पालकावर जातात; ती विष पचवू शकत नाहीत. म्हणजे पाच ओळी अळीला देणे हे तिला दुबळी ठेवण्याचे साधन होते. तिला उपाशी मारायला निघालेल्या माणसाने तिला बळकट केले.

आणि झालेही तसेच. गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत पहिल्या वाणाचे विष अळी पचवू लागल्याचे खुद्द कंपनीनेच २०१० साली जाहीर केले. २०१५ साली त्याच प्रांतात दुसरे वाणही हरले. २०१७ साली आमची पाळी आली.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत पराटी अशी होती की पाहणाऱ्याने थांबावे. दादाने सुनेच्या अंगावर काहीतरी सोने घालायचे मनात योजले होते. आईने सालाबादप्रमाणे सीतादही केले. पहिल्या वेचणीच्या आधी आमच्याकडे पराटीखाली दहीभात ठेवतात, शेतात शिंपडतात. मग वेचणी सुरू झाली आणि वेचणाऱ्या बायांची बोटे बोंडाबोंडाशी अडू लागली. बोंड अर्धेच उकललेले, पाकळी चिकटलेली, रुई पिवळी पडलेली. तिला आमच्याकडे कवडी म्हणतात. बाजारात तिला कोणी विचारीत नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते. एरवी ज्या बाईचे दिवसाचे मोठे गाठोडे होई, तिच्या ओटीत संध्याकाळी मुठी मोजाव्या इतका कापूस. मला आजही सर्वांत जास्त बोचते ते हेच. त्या बायांना पुडीविषयी कोणी विचारले नव्हते. त्यांनी काही टाकले नव्हते, काही पुरले नव्हते. डिसेंबरात लोकांनी उभ्या पराटीत शेळ्या सोडल्या, नांगर घातले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीचे विष अंगात भिनून वीसाहून अधिक माणसे दगावली.

मी तेव्हापासून हिशेब मांडतो आहे, आणि तो काही केल्या जुळत नाही.

पहिली बाजू दादाची. जमीन तीन एकर. पाचवा हिस्सा अळीला द्यायचा तर घरी काय न्यायचे? आणि आम्ही एकट्यांनी पाच ओळी लावल्या असत्या तर काय झाले असते? सभोवार मैलोगणती सगळ्यांनी पुड्या टाकल्या होत्या. कापसाच्या शंभर एकरांतले नव्वदांहून अधिक बीटीखाली गेले होते. आमच्या पाच ओळींनी शेजाऱ्यांच्या अळ्या पोसल्या असत्या, एवढेच. हा युक्तिवाद मला आजही खोडता येत नाही. ज्या कृत्याने परिणामात तसूभर फरक पडला नसता, त्या कृत्याचे पाप कसले? पण मग हेच प्रत्येकाने म्हणायचे, आणि प्रत्येकाचे म्हणणे खरे, आणि सगळ्यांच्या खऱ्या म्हणण्याची बेरीज मात्र ते २०१७ साल! हजार निरपराध माणसे मिळून एक अपराध करू शकतात, ही गोष्ट कोणत्याही नीतिपाठात मी मुलांना शिकवलेली नाही, कारण ती पुस्तकात नव्हती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या पुडीतले बी पुष्कळदा धड उगवतच नसे, उगवले तर बीटीच्या बरोबरीने फुलत नसे, अशी तक्रार सर्वत्र होती आणि ती बऱ्याच ठिकाणी खरीही निघाली. त्यागासाठी हात पुढे करायला सांगायचे आणि हातात फुटके भांडे द्यायचे, असा हा प्रकार. शिवाय सगळ्यांच्या हिताचा भार सर्वांत लहान शेतकऱ्याच्या खांद्यावर, भरपाईवाचून टाकणे, याला न्याय म्हणत नाहीत. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून अशी आश्रयाची शेते नियमाने राखली. नियम होता, पाहणी होती, ऐपतही होती. पुढे २००६ पासून त्यांनी विमानातून वांझ केलेले पतंग सोडले, आणि १९१७ साली देशात शिरलेली अळी २०१८ साली आपल्या कापसातून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. तिथल्यांपेक्षा आमचा दादा कमी भला आहे, असे मी कधीच मानणार नाही.

इतके म्हणून मी सुटलो असतो. पण पुडी टाकताना मला बी वाईट आहे हे ठाऊक नव्हते. ॲरिझोनाचे नावही ठाऊक नव्हते. मी पत्रक वाचले होते, अर्थ मला कळला होता, आणि मी हसलो होतो. दादाने विचारले ते एका शिकलेल्या माणसाला.

का हसलो? मला वाटते, 'अळी' या शब्दाने घात केला. वासराचा वाटा म्हटले असते तर हसलो नसतो. आई श्रावणी सोमवारी खुलभर दुधाची कहाणी सांगे. राजाने गाभारा भरण्यासाठी गावातले सगळे दूध मागितले. लोकांनी वासरे तोडली, मुले उपाशी ठेवली, सगळे दूध ओतले, तरी गाभारा भरेना. मग एका म्हातारीने घरच्या मुलाबाळांना देऊन, वासरांना पाजून, उरलेले खुलभर दूध आणले आणि गाभारा भरला. लहानपणी मी या कहाणीतल्या चमत्कारावर खूश असे. आता मला राजाचा हुकूम दिसतो. सगळेच्या सगळे घेऊ पाहणे हीच त्याची चूक होती, आणि त्यात देवाचे निमित्त होते म्हणून ती कोणाला चूक वाटली नाही. वासरू आपले असते, त्याला सोडणे सोपे. तुकोबांनी शेत राखायला बसून पाखरांना उडवले नाही अशी कथा आहे. पाखरे निदान गातात. पण जी अळी आपले घर बुडवते, तिला जाणूनबुजून पाच ओळी देणे हे दान म्हणावे की डावपेच? तिच्याविषयी मला अणुमात्र दया वाटत नाही, आजही वाटत नाही. तिला दुबळे ठेवण्यासाठी तिला जेवू घालायचे. मग यात पुण्य ते कुठे आले?

बराच काळ मी या ठिकाणी अडकून पडलो होतो. अळीकडे पाहून विचार करीत होतो म्हणून अडकलो होतो. पतंग उडतो. आमच्या पाच ओळींत पोसलेला साधा पतंग आमच्या शेतात राहिला नसता. तो बांधापलीकडे गेला असता आणि शेजाऱ्याच्या शेतातल्या त्या एखाद्या अवलियाशी त्याची गाठ पडली असती. म्हणजे तो वाटा अळीच्या नावावर मांडलेला होता, पोहोचणार होता शेजाऱ्याला, आणि शेजाऱ्याचा आम्हाला. वेचणीवाल्या बायांच्या ओटीपर्यंतही तोच पोहोचणार होता. आम्ही दार लावून घेतले ते अळीवर नव्हे.

आता इथे एक विलक्षण गोष्ट सांगतो. तिने माझी उरलीसुरली घडी विस्कटली. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात हीच अळी, हेच विष. तिथेही अळी विष पचवू लागल्याची चिन्हे दिसत होती. पण तिथल्या शेतकऱ्यांनी पैसे वाचवण्यासाठी संकरित बियाण्याच्या दुसऱ्या पिढीची सरकी पेरायला सुरुवात केली. अशा सरकीत निसर्गाच्या नियमाने चारांतली एक बिनविषाची निघते. कोणी पुडी दिली नाही, कोणी पत्रक वाचले नाही. शेतात आपोआप आश्रय तयार झाला आणि अळीची वाढलेली ताकद उतरू लागली. ही हकिकत शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली ती नेमकी २०१७ साली. मला कळून मी दिले नाही. त्यांनी न कळता दिले. काटकसर करणाऱ्या त्या शेतकऱ्याला पुण्य लागले म्हणावे काय? परिणामाकडे पाहणारा म्हणेल, लागले. हेतूकडे पाहणारा म्हणेल, छे. मी आपला एवढेच पाहतो की, त्याच्या गावच्या वेचणाऱ्या बायांची मजुरी तेवढी कमी बुडाली असेल.

हल्ली आमच्याकडे पुष्कळ बदलले आहे. पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड राखण्याची हाव दादाने सोडली. डिसेंबरअखेर पराटी उपटतो, म्हणजे अळीला पुढचा हंगाम गाठायला घर उरत नाही. शेतात कामगंध सापळे लागले आहेत. (हे नाव देणारा कृषिखात्यातला माणूस कोणी दडलेला कवी असला पाहिजे.) मादीच्या गंधाची एक गोळी, आणि तिच्या ओढीने आलेले फसवे नवरदेव. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ आली असे समजतात. पुतण्या रोज सकाळी मोजून वहीत आकडे लिहितो. शाळेतल्या त्याच्या गणिताच्या वहीपेक्षा ती वही नीटनेटकी असते, हे मास्तर या नात्याने मला खटकते.

आणि ती पुडी आता वेगळी मिळत नाही. साधी सरकी पाकिटात मिसळूनच देतात. कोणाला विचारायला नको, कोणी टाकायला नको. व्यवहाराच्या दृष्टीने हेच शहाणपणाचे, यात मला शंका नाही. गेल्या जूनमध्ये मी हे दादाला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"मंजे आता आपल्याले पुसतच नाहीत," तो म्हणाला.

मग त्याने पाकीट फोडले, मूठभर सरकी तळहातावर घेतली, आणि उजेडाकडे वळून तिच्यातली अळीची कोणती ती बोटाने शोधू लागला. सगळीला एकच लाल रंग लावलेला होता.